तिसऱ्या रांगेतली ज्वारी

"हात लावू नका!"

धनलक्ष्मी शेडनेटच्या दारातूनच ओरडली. डिसेंबरातली कोवळी सकाळ होती. हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन कुंड्यांवर सांडलं होतं आणि तिच्या ज्वारीच्या रांगांमध्ये एक अनोळखी माणूस उकिडवा बसला होता. निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"लावला नाही की," तो म्हणाला आणि दोन्ही हात वर करून उठला, पोलिसांनी पकडल्यासारखा. "नुसतं बघतोय."

"कोण तुम्ही? आत कसे आलात?"

"शिवानंद. शनिवारीच रुजू झालो. वनस्पतींची संप्रेरकं मोजायचं नवीन यंत्र आलंय ना, त्याच्यावर. त्याचीच खोली शोधत होतो... दार उघडं दिसलं."

"हे दार कधीच उघडं नसतं."

"आज होतं." तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला बारीकशी खळी पडत होती. ती आपल्याला दिसली याचाच धनलक्ष्मीला राग आला. "एक विचारू? बाकीची सगळी रोपं खुजी. मग ही तिसरी रांग एवढी उंच कशी?"

"उंच? कुठली उं..."

शब्द तिच्या तोंडातच राहिला. पलीकडच्या जाळीला लागून असलेली तिसरी रांग खरंच उंच झाली होती. शनिवारी तिनं पाहिली तेव्हा सगळी रोपं एका मापाची होती, बुटकी, गर्द हिरवी, रुंद पानांची. आता त्या रांगेतली रोपं वीतभर वर गेली होती. बारीक, फिकट... कुणीतरी शेंडा धरून ओढल्यासारखी.

धनलक्ष्मी धावतच त्या रांगेपाशी गेली.

धनलक्ष्मी बुर्रा सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील टॉवेलच्या यंत्रमागावर, आई घरात शिवणकाम करणारी. त्या घरातून पीएचडीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. शहराच्या कडेला असलेल्या एका संशोधन केंद्रात ती काम करत होती आणि तिचं सगळं काम या खुज्या ज्वारीवर उभं होतं. पानातल्या हिरव्या कणांत, म्हणजे हरितलवकांत, एक प्रथिन असतं. झाडाची उंची वाढवणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक बनायला सुरुवात होते ती त्या प्रथिनामुळे. तिच्या ज्वारीत नेमकं तेच प्रथिन बिघडलेलं होतं. प्रथिन नाही म्हणून संप्रेरक नाही, संप्रेरक नाही म्हणून उंची नाही, असं ती गेली तीन वर्षं सांगत आली होती. संक्रांतीच्या आधी तपासणी समिती येणार होती. आणि आता, प्रथिन नसलेली ही रोपं तिला न विचारता उंच झाली होती!

"तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं.

"मी?" शिवानंदच्या भुवया वर गेल्या. "मी आत्ता आलो बाई."

"आत्ता आलात... की आत्ता सापडलात?"

दारातून बाहेर पडताना तो वळून म्हणाला, "यंत्राची खोली कुठली, तेवढं सांगा की."

"डावीकडे," ती म्हणाली. खोली उजवीकडे होती.

---

तिच्या संशयाला दुपारीच खतपाणी मिळालं. शेजारच्या टेबलावर काम करणारी तिची मैत्रीण काव्या डबा उघडता उघडता म्हणाली, "तो नवीन आलेला शिवानंद आमच्या अक्कलकोटकडचा आहे गं. घरी द्राक्षाची मोठी बाग."

धनलक्ष्मीचा घास हातात राहिला.

"द्राक्षाची?"

"हं. का?"

सोलापुरात द्राक्ष म्हटलं की 'जीए' आलंच. घड लांब व्हावेत, मणी फुगावेत म्हणून बागायतदार वेलींना जे देतात, ते जीए म्हणजे जिबरेलिनच. तिच्या रोपांना जे बनवता येत नव्हतं, ते त्याच्या घरी फवाऱ्यात भरत होते!

"त्यानंच घातलंय," ती म्हणाली.

"अगं, पण कशाला?"

"माझं काम खोटं ठरवायला. नाहीतर... नाहीतर मला काय माहीत कशाला! पण मी शोधून काढणार."

दुसऱ्या दिवसापासून तिची पाळत सुरू झाली. शेडनेटला नवं कुलूप आलं. शिवानंद चहाला निघाला की तीही निघे. तो झाडाखाली फोनवर बोलायला गेला की ती तिथल्याच पायरीवर चपलेचा बंद नीट करत बसे. त्याच्याबद्दल तिला बरंच कळलं. तो चहात बिस्किट बुडवतो आणि ते हमखास तुटतं. कुठल्याही पानाला बोट लावत नाही, फुंकर घालून धूळ उडवतो. विचार करताना 'बघू की, बघू की' असं स्वतःशीच पुटपुटतो. संशयाला उपयोगी पडेल असं यात काहीच नव्हतं. तरी ती सगळं लक्षात ठेवत होती.

एकदा निघताना काव्यानं तिला दारात अडवलं. "थांब. पाळत ठेवायला काजळ लागतं होय गं?"

"डोळे दुखतायत माझे," धनलक्ष्मी म्हणाली आणि स्कूटीला किक मारली.

त्या संध्याकाळी ती त्याच्या मागे थेट सात रस्ता चौकापर्यंत गेली. तो एका शेतीऔषधांच्या दुकानात शिरला. ती शेजारच्या रसाच्या गाडीआड उभी राहिली आणि तिला स्पष्ट दिसलं... दुकानदारानं काउंटरवर एक छोटं पांढरं पाकीट ठेवलं. द्राक्षाच्या घडाचं चित्र. जीए!

ती पुढे सरकली, आणि तो अचानक वळला.

"अरे! तुम्ही इकडे?"

"मी... मला..." तिची नजर दुकानाच्या फळीवर भिरभिरली. "उंदराचं औषध घ्यायचं होतं."

"पूर्व भागातून सात रस्त्याला? उंदीर फारच मोठा दिसतोय." खळी पडली. "एवढ्या लांब आलाच आहात तर चहा घेऊ या की."

चहा घेताना तिनं सरळ तोफ डागली. "त्या पाकिटात जीए आहे ना?"

"आहे. बाबांच्या बागेला. उद्या गावी जातोय."

"माझ्या तिसऱ्या रांगेलाही तुम्हीच घातलंत ना?"

रिक्षांचे हॉर्न वाजत होते, गाड्या सात दिशांनी येत होत्या, जात होत्या. शिवानंदनं बिस्किट बुडवलं. तुटलं. तो पेल्यात बघत राहिला.

"खरं सांगू? मला वाटलं होतं, तुम्हीच घातलंय."

"मी?"

"समिती यायच्या आत काहीतरी भारी दाखवायचं म्हणून काही लोक करतात तसं. म्हणून तर पहिल्या दिवशी मुद्दाम विचारलं... तुमचा चेहरा बघायला."

धनलक्ष्मी ताडकन उठली. तिचे कान तापले होते. "माझ्यावर संशय? तुम्ही? माझ्यावर?"

"चेहरा बघितला आणि गेला संशय," तो हळूच म्हणाला. "तुम्ही घाबरला होतात. खोटं करणारा माणूस तसा घाबरत नाही."

ती पुन्हा बसली. चहा निवला होता. तिनं तसाच पिऊन टाकला.

"तुमच्याकडे यंत्र आहे ना," ती म्हणाली. "मग मोजा. तिसऱ्या रांगेची पानं देते. माझ्यासमोर मोजायचं."

"मोजू की."

---

शिवानंदनं मोजायचं ते तिला आधी समजावून सांगितलं. ज्वारी स्वतः बनवते ते जिबरेलिन एका प्रकारचं. दुकानातल्या पाकिटातलं दुसऱ्या प्रकारचं. दोघं सख्खे भाऊ, पण यंत्राला वेगवेगळे ओळखू येतात. पानात पहिलं सापडलं तर झाडानं ते कसंतरी स्वतःच बनवलं, म्हणजे तीन वर्षांचं म्हणणंच चुकलं. दुसरं सापडलं, तर ते बाहेरून आलं.

खोलीत यंत्राची बारीक घरघर होती आणि दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी. पडद्यावर रेघ सरळ जात होती... जात होती... त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता. 'याच्याच हातात यंत्र,' तिला वाटलं, 'हा हवं ते दाखवील. माझंच म्हणणं चुकलं, असं सांगून मोकळा होईल.'

रेघ एका ठिकाणी उसळली. टोकदार, उंच.

शिवानंदनं ती जागा वहीतल्या नोंदीशी ताडून पाहिली.

"दुकानातलं आहे," तो म्हणाला. "झाडाचं स्वतःचं जवळजवळ काहीच नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे. कुणीतरी बाहेरून घातलंय."

"आणि इथं जीए कुणाकडे आहे?"

"फक्त माझ्याकडे." त्यानं तिच्याकडे पाहिलं. नजर हलली नाही. "यंत्राबरोबर तपासणीसाठी ठेवलेली बाटली आहे, तीही माझ्याच ताब्यात. म्हणजे बोट माझ्याकडेच येणार."

त्याला लपवता आलं असतं. चार कळा दाबून रेघ सपाट करता आली असती आणि तिला ते कधीच कळलं नसतं. चोर असा वागतो का? की मुरलेला चोर असाच वागतो? रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहिली.

सकाळी तिनं तिच्या मार्गदर्शक महेश्वरी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे समितीला सांगावंच लागेल, धनलक्ष्मी. कुणी केलं, हेही विचारतील. नाव घेतलंस तर त्या मुलाची नोकरी जाईल. नाही घेतलंस तर तुझ्यावर बोट येईल. घाई करू नकोस. समितीला अजून वेळ आहे."

पुढच्या पंधरवड्यात दोन गोष्टी घडल्या.

शेडनेटच्या बाहेर ठेवलेल्या जादा कुंड्यांपैकी दोन खुजी रोपं नाहीशी झाली. आणि दहा-बारा दिवसांनी एका दुपारी, कडुनिंबाखाली, शिवानंद दबक्या आवाजात फोनवर कानडी बोलताना तिला ऐकू आला. तिला कानडी येत नव्हती. पण शेवटचं वाक्य तिनं घोकत घोकत काव्यापर्यंत नेलं. "अकिगे हेळब्याड्री, ना नोडकोतीनि... म्हणजे काय गं?"

काव्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "'तिला सांगू नका, मी बघून घेतो.'"

'तिला' म्हणजे कुणाला, हे विचारायची गरजच नव्हती. धनलक्ष्मीला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. पण डोळे भरले, आणि त्याचंच तिला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं.

शिवानंदची मोटरसायकल फाटकातून बाहेर पडली तशी तिनं स्कूटी काढली.

---

या वेळी तो लांब गेला नाही. केंद्राच्या भिंतीला वळसा घातला, कच्च्या रस्त्यावर उतरला आणि भिंतीपलीकडच्या द्राक्षबागेत शिरला. इतकी वर्षं ती भिंतीच्या अलीकडे बसत होती, पण पलीकडे काय आहे ते बघायला कधी गेली नव्हती.

मांडवाखाली हिरवा, गार उजेड होता. ओल्या मातीचा वास. डोक्यावर कच्चे घड लोंबत होते. आणि वेलींच्या दोन ओळींमध्ये तिच्या दोन्ही कुंड्या! शिवानंद त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता, अगदी पहिल्या दिवशीसारखा.

"सापडलात!" ती म्हणाली.

तो दचकून उठला आणि डोकं मांडवाच्या तारेला आपटलं. मागून धोतरातले एक आजोबा हात पुसत आले.

"या की ताई, या. ह्याच व्हय त्या?" त्यांनी शिवानंदला विचारलं. "फोनवर म्हणालात तसं मी काय बी सांगितलं न्हाय हां. तुमीच बघा आता."

"हे धोंडप्पा. बाग यांची," शिवानंद डोकं चोळत म्हणाला. "तुम्ही रागावा, पण आधी कुंड्या बघा."

तिनं पाहिलं. एक रोप तसंच होतं, बुटकं आणि गर्द. दुसरं उंच, बारीक, फिकट... हुबेहूब तिसऱ्या रांगेसारखं.

"मागच्या आठवड्यात यांनी ट्रॅक्टरच्या फवाऱ्यानं जीए मारलं. तेव्हा हे बुटकं रोप प्लास्टिकनं झाकून ठेवलं होतं आणि हे उघडं. बाकी माती तीच, पाणी तेच." त्यानं भिंतीकडे बोट केलं. "तिथून तुमची शेडनेट दिसते. जाळी बरोब्बर तिसऱ्या रांगेपाशी फाटलीय. फवाऱ्याचं धुकं वाऱ्यावर भिंत ओलांडून जातं."

धोंडप्पा हात जोडू लागले. "आमाला काय ठावं ताई, पलीकडं तुमचं एवढं मोलाचं काय हाय ते. वारं बघून मारलं असतं की. लई वाईट वाटलं."

"नाही हो आजोबा, तुमची काय चूक," ती घाईघाईनं म्हणाली. मग शिवानंदकडे वळली. "आणि तुम्ही माझ्या कुंड्या चोरल्यात!"

"मॅडमना विचारून नेल्या. त्याच म्हणाल्या, तुम्हाला सांगायचं नाही. समितीनं उद्या म्हणायला नको, की पुरावा हिनंच उभा केला. आणि..." तो थांबला. नखानं कुंडीच्या काठावरची माती खरवडली.

"आणि काय?"

"आणि तुमचा माझ्यावर संशय होता. तोंडी सांगून गेला नसता तो. दाखवल्याशिवाय तुमचा विश्वास बसत नाही, हे एवढ्या दिवसांत कळलंय मला." खळी अर्धवट पडली. "माझ्यामागे कुणी इतकं फिरलं नव्हतं कधी. चपलेचा बंद शिवून घेतलात का?"

धनलक्ष्मीला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर दोन टिपं गालावर उतरली. तिनं ओढणीच्या टोकानं चेहरा पुसला. धोंडप्पा शहाणे होते. पाण्याचा तांब्या आणायला म्हणून ते निघून गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

"मी समितीपुढे तुमचं नाव घेणार होते," ती म्हणाली.

"माहीत होतं."

"तरी रेघ खरी दाखवलीत?"

"ती तशीच होती की," तो साधेपणानं म्हणाला. "आणि तुम्हाला खोटं दाखवायला... जमलं नसतं मला."

मांडवातून ऊन ठिपक्याठिपक्यांनी खाली पडत होतं. दोघांच्या मध्ये फक्त दोन कुंड्या होत्या.

---

समितीपुढे धनलक्ष्मीनं काहीच लपवलं नाही. तिसरी रांग हिशोबातून काढली आणि का काढली ते सांगितलं. धुकं, भिंत, फाटलेली जाळी आणि पडद्यावरची रेघ, सगळं मांडलं. समितीतले एक वयस्कर सर आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे प्रथिन बिघडलेलंच आहे, आणि संप्रेरक वरून मिळताच झाड उभं राहिलं. अपघातानं का होईना, तुझ्याच बाजूनं साक्ष मिळाली. पण किती पडलं, केव्हा पडलं, हे माहीत नाही. ते मोजूनमापून पुन्हा कर. मग मान्य."

पुन्हा करायचं म्हणजे अख्खा एक हंगाम. तिला वाटलं होतं, हे ऐकून आपण खचू. पण बाहेर आली तेव्हा पाय हलके होते. जाळी त्याच दिवशी शिवून झाली. धोंडप्पा फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करू लागले.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा भरली. काव्या दोघांनाही घेऊन आली आणि बांगड्यांच्या दुकानापाशी सोयीस्कर हरवली. होम मैदानावर दिवे लागत होते. आकाशपाळणे फिरत होते, भेळेच्या गाड्यांवर लिंबाचा वास होता. शिवानंद आणि धनलक्ष्मी गर्दीतून वाट काढत तलावाच्या बाजूला आले. तिथं जरा शांत होतं. पाण्यात मंदिराचे दिवे थरथरत होते.

तो नेहमीसारखा बोलत नव्हता. तिच्या लगेच लक्षात आलं.

"काय झालं?"

"बेंगळुरूच्या एका कंपनीनं बोलावलंय. असंच यंत्र, पगार दुप्पट. या महिन्याअखेर कळवायचं आहे."

पाळण्यावरून मुलींच्या किंकाळ्या ऐकू आल्या. धनलक्ष्मीनं कठड्यावर हात टेकले. दगड गार होता.

"चांगलंय की," ती म्हणाली. आणि मग तिनं मान वळवून त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हे मला का सांगताय?"

"असंच."

"असंच नाही. मी 'जाऊ नका' म्हणावं म्हणून सांगताय."

त्यानं पाण्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. दिव्यांच्या उजेडात त्याचे कान लाल झालेले दिसत होते.

"हो," तो म्हणाला.

"मग असं आडून कशाला? सरळ विचारायचं."

"भीती वाटली. तुम्ही म्हणाल, यातही माझा काहीतरी डाव असेल."

"आहे का?"

"आहे." त्यानंही कठड्यावर हात टेकले. "तुमचा हा हंगाम आहे. मग पुढचा... आणि त्याच्या पुढचाही. मला सगळे इथंच काढायचे आहेत. तुमच्या शेजारी. बाबांशी बोललोय मी. तुमच्या घरी यायलाही तयार आहे. पण आधी तुम्ही म्हणाल तसं." तो तिच्याकडे वळला. "राहू?"

वाऱ्यानं तिची ओढणी उडाली आणि त्याच्या मनगटावर जाऊन पडली. त्यानं ती झटकली नाही. तिनंही ओढून घेतली नाही. मनात आईचा चेहरा येऊन गेला, वडिलांचा येऊन गेला. त्यांना पटवायला वेळ लागेल हे तिला माहीत होतं. तिनं त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं, नेहमीसारखं, काही लपवलंय का ते शोधत. तिथं ती एकटीच होती.

"राहा," ती म्हणाली. मग मान हलवून तिनं स्वतःलाच दुरुस्त केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकेरीत म्हणाली,

"तू राहा ना... शिवा."